ठोका वेळ सांगतो, अंतर नाही : पार्किन्सन्समधलं चालणं आणि ताल

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. इटियाडोह धरणाच्या आसपासच्या गावांत दिवसा दंडार आणि रात्री नाटक, असा तो दिवस असतो. माझे मोठे मामा तरुणपणी दंडारीत ढोलकी वाजवायचे, पुढे भजनी मंडळात वाजवायला लागले. गेली काही वर्षं त्यांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो, चेहरा स्थिर झालाय, पण त्यांची खरी तक्रार पायांची. "पाय भुईले चिकटल्यावानी होते," असं ते सांगतात.

मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मंडईला मी गावी आले होते. दुपारी मामाजी बाहेर निघाले आणि उंबरठ्याशी थांबले. पुढे जायचंय, अंग पुढे झुकलंय, पण टाच उचलत नाही. पाय जागच्या जागी थरथरतायत. मी एका बाजूने धरलं, मामेभावाने दुसऱ्या बाजूने. आम्ही "चला, चला" म्हणतोय आणि ते आणखीच अडकतायत. तेवढ्यात चौकातून ढोलकीचा आवाज आला, दंडार सुरू झाली. दोन-तीन ठोके गेले असतील, मामाजींनी पाय उचलला आणि उंबरठा ओलांडला.

माझा विषय चालण्याचं विश्लेषण. अशा गोष्टी मी वाचल्या होत्या, पण डोळ्यांसमोर घडताना पहिल्यांदाच पाहत होते. त्या संध्याकाळी मी ठरवून टाकलं की मोबाईलवर मेट्रोनोम लावायचा आणि मामाजींना चालतं करायचं. त्यातलं निम्मं बरोबर होतं, निम्मं चुकीचं. हा लेख दोन्ही निम्म्यांबद्दल आहे. तुमच्यापैकी अनेक जण नेट, पेट किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या तयारीत आहात, म्हणून संशोधन काय सांगतं यासोबत ते वाचायचं कसं, हेही सांगते.

आधी चालणं म्हणजे काय ते बघू

निरोगी माणूस चालताना चालण्याचा विचार करत नाही. धानाच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून डोक्यावर भारा घेऊन, बोलत बोलत जाणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. पाऊल कधी टाकायचं, केवढं टाकायचं, हे सगळं आपोआप होत असतं. हे 'आपोआप' सांभाळणाऱ्या यंत्रणेत मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या केंद्रांचा मोठा वाटा असतो. मेंदूतल्या सबस्टँशिया नायग्रा या भागातल्या पेशी डोपामिन हे रसायन या केंद्रांना पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात, पुरवठा कमी होतो आणि सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचाली बिघडायला लागतात.

याचे चालण्यावर होणारे परिणाम लक्षात ठेवा, पुढे लागतील :

- पावलं लहान होतात, पाय घासत चालतो.
- हात हलायचे थांबतात.
- एका पावलाला लागणारा वेळ आणि पुढच्या पावलाला लागणारा वेळ यांत फरक पडत राहतो. या चढउताराचा पडण्याच्या धोक्याशी संबंध आहे.
- काही जणांचे पाय अचानक गोठतात. विशेषतः चालायला सुरुवात करताना, वळताना, दारातून जाताना.

जेम्स पार्किन्सन या इंग्लिश डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, त्यात रुग्ण पुढे झुकून भराभर लहान पावलं टाकत जातो हे वर्णन आहे. म्हणजे चालण्याची अडचण दोनशे वर्षांपूर्वीच नोंदवलेली होती. तिच्यावर बाहेरून मदत करता येते, हे मात्र बरंच नंतर नीट मोजलं गेलं. १९६० च्या दशकात ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी लिहून ठेवलं की जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर अडखळणारा रुग्ण त्या ओलांडत मोठी पावलं टाकू शकतो. याचा अर्थ पायात ताकद आहे, स्नायू शाबूत आहेत. आतून येणारा इशारा कमजोर पडलाय आणि बाहेरचा इशारा त्याची जागा काही प्रमाणात भरून काढतो. संशोधनाच्या भाषेत याला बाह्य संकेत म्हणतात. पट्टी हा डोळ्यांसाठीचा संकेत, ठोका हा कानांसाठीचा.

आवाजच का? एक प्रयोग करून बघा

मोबाईलवर मेट्रोनोमचं कुठलंही फुकट ॲप घ्या. मिनिटाला ६० ठोके लावा आणि टेबलावर बोटाने ताल धरा. आता विचार करा, तुम्ही ठोका ऐकून मग बोट आपटताय का? तसं असतं तर तुमचं बोट दर वेळी ठोक्यामागून पडलं असतं, कारण आवाज ऐकून हालचाल करायला माणसाला साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात बोट ठोक्यासोबत पडतं, आणि नीट मोजलं तर बहुतेकांचं ठोक्याच्या काही मिलिसेकंद आधीच पडतं.

म्हणजे मेंदू ठोक्याची वाट बघत बसत नाही. दोन-तीन ठोके ऐकले की पुढचा कधी येणार याचा अंदाज बांधतो आणि हालचालीची तयारी आधीच सुरू करतो. सारख्या अंतराने येणारा आवाज उपयोगी पडतो तो यामुळे. तो पुढच्या क्षणाची आगाऊ सूचना देतो. मामाजींचा पाय दोन-तीन ठोक्यांनंतर उचलला गेला, पहिल्याच ठोक्याला नाही, यामागेही हेच असावं असं मला वाटतं. आम्ही दोघं ओरडत होतो त्या "चला, चला"ला कसलाही ताल नव्हता.

ऐकण्याची यंत्रणा आणि हालचालीची यंत्रणा मेंदूत एकमेकींशी घट्ट जोडलेल्या आहेत. नुसता ताल ऐकला, अंग अजिबात हलवलं नाही, तरी हालचालीशी संबंधित भाग जागे होतात हे मेंदूच्या प्रतिमांमधून दिसलंय.

इथे एक पेच आहे आणि तो मला फार आवडतो. ताल ओळखण्याच्या कामात बेसल गँग्लियाही भाग घेतात. जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांच्या २००९ च्या अभ्यासात पार्किन्सन्सचे रुग्ण ठोक्यावर बसणाऱ्या लयींमधला फरक ओळखण्यात निरोगी माणसांपेक्षा कमी पडले. मग जे केंद्र बिघडलंय त्याच्याच कामातून मदत कशी मिळते? एक उत्तर असं की बाहेरचा स्पष्ट ठोका बेसल गँग्लियाला वळसा घालून, सेरिबेलम आणि प्रीमोटर भागांच्या वाटेने काम करतो. दुसरं उत्तर असं की जी थोडी क्षमता उरलीय तिलाच तो बळ देतो. तिसरं साधं उत्तर : ठोक्यामुळे माणसाचं लक्ष चालण्याकडे जातं आणि जे आपोआप होत नव्हतं ते तो जाणीवपूर्वक करतो. तिन्हींच्या बाजूने काही ना काही पुरावा आहे आणि वाद मिटलेला नाही. परीक्षेत 'कारण सांगा' असा प्रश्न आला तर एकच उत्तर ठोकून देऊ नका.

अभ्यास काय सांगतात

या विषयातला पायाभूत मानला जाणारा अभ्यास १९९६ चा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी तो केला. रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या गटातले १५ जण ठोका मिसळलेल्या संगीतावर रोज अर्धा तास चालले, तीन आठवडे. दुसऱ्या गटातले ११ जण तेवढाच वेळ चालले, पण आपापल्या गतीने, आवाजाशिवाय. तिसऱ्या ११ जणांना चालण्याचा खास सराव दिला नाही. पहिल्या गटाचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्याचा ७ टक्क्यांनी वाढला, तिसऱ्याचा ७ टक्क्यांनी घटला.

यात दुसरा गट सगळ्यात महत्त्वाचा. तो नसता तर कुणीही म्हटलं असतं, 'रोज अर्धा तास चाललं तर कुणाचंही चालणं सुधारेल, त्यात संगीताचं काय?' संशोधन आराखडा लिहिताना हा प्रश्न स्वतःला विचारा : माझ्या उपायातून नेमका तो एक घटक काढून घेतला, बाकी सगळं तसंच ठेवलं, असा गट माझ्याकडे आहे का?

दुसरा मोठा अभ्यास २००७ चा, 'रेस्क्यू' नावाचा. बेल्जियम, इंग्लंड आणि नेदरलँड्स या तीन देशांत मिळून १५३ रुग्ण. ॲलिस न्यूबूर आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. यात फिजिओथेरपिस्ट रुग्णांच्या घरी गेले आणि तीन आठवडे संकेतांवर सराव करून घेतला. एका गटाला आधी, दुसऱ्याला नंतर. चालण्याचा वेग सरासरी सेकंदाला ५ सेंटिमीटरने आणि पाऊल ४ सेंटिमीटरने वाढलं. ज्यांचे पाय गोठायचे त्यांच्यात गोठणं थोडं कमी झालं. पण सराव थांबवून सहा आठवड्यांनी तपासलं तेव्हा हा फायदा बराचसा ओसरला होता.

१९९६ चे २५ टक्के आणि २००७ चे ५ सेंटिमीटर शेजारी ठेवा. पहिला आकडा छातीठोक वाटतो, दुसरा किरकोळ. पण पहिला अभ्यास ३७ जणांचा आहे आणि दुसरा १५३ जणांचा, घरच्या परिस्थितीतला, मोजणाऱ्याला कुणाचा सराव झालाय हे माहीत नसताना केलेला. लहान अभ्यासात मोठा परिणाम आणि मोठ्या अभ्यासात लहान परिणाम हे संशोधनात वारंवार घडतं. त्यामुळे पहिला खोटा ठरत नाही, पण मी कुणाला सांगताना दुसऱ्या आकड्यावर जास्त भर देईन.

मग फायदा टिकवायचा कसा? २०१९ मध्ये थाउट यांच्याच गटाने वारंवार पडणाऱ्या ६० रुग्णांवर अभ्यास केला. एका गटाने २४ आठवडे तालावर चालण्याचा सराव सलग ठेवला, दुसऱ्याने आठव्या ते सोळाव्या आठवड्यात थांबवला. सलग सराव ठेवणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण कमी राहिलं. भजनी मंडळातल्या कुणालाही हे पटेल, हात दोन महिने ढोलकीला लागला नाही तर बोल बिघडतातच.

आता माझी चूक

मंडईच्या दुसऱ्याच दिवशी मी मामाजींची स्वाभाविक चाल मोजली. मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजलं आणि त्यापेक्षा १० टक्के जलद ठोका लावला. हा १० टक्क्यांचा आकडा मी मनाने काढला नव्हता. अनेक अभ्यासांत तो वापरलाय. इस्रायलमधल्या जेफ्री हाउसडॉर्फ यांच्या २००७ च्या अभ्यासात १० टक्के जलद ठोक्यावर रुग्णांच्या पावलांमधला चढउतार कमी झाला होता. माझ्याकडे आधार होता.

अंगणात मामाजी सुरुवातीला छान चालले. मग पावलं लहान लहान होत गेली, ठोका गाठायची घाई झाली, आणि तुळशीपाशी वळताना पाय गोठले. मामेभाऊ शेजारीच होता म्हणून पडले नाहीत. मी घाबरले. मेट्रोनोम बंद केला आणि दोन दिवस त्याचं नाव काढलं नाही.

काय चुकलं ते नंतर वाचताना सापडलं. बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथे ॲन-मरी विलेम्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी रुग्णांचे दोन गट केले, ज्यांचे पाय गोठतात ते आणि ज्यांचे गोठत नाहीत ते. मग वेगवेगळ्या गतींचे ठोके दिले. १० टक्के जलद ठोक्यावर न गोठणाऱ्यांचं पाऊल लांब झालं, गोठणाऱ्यांचं मात्र आखूड झालं. गोठणाऱ्यांना उलट १० टक्के संथ ठोका मानवला.

सगळ्यांना एकत्र करून सरासरी काढली की हा फरक त्या सरासरीत बुडून जातो. मी सरासरी वाचली होती आणि मामाजी त्या सरासरीत बसत नव्हते. त्यांचे पाय गोठतात हे तर मी उंबरठ्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते माझ्या हिशेबात आलं नाही, कारण 'पार्किन्सन्सचा रुग्ण' हा एकच रकाना माझ्या डोक्यात होता.

गणित सोपं आहे, पण ते करावं लागतं

चालण्याचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो : मिनिटाला पडणारी पावलं आणि एका पावलाची लांबी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एक रुग्ण मिनिटाला १०० पावलं टाकतो आणि पाऊल ४० सेंटिमीटरचं आहे.

- मूळ चाल : १०० × ०.४० = मिनिटाला ४० मीटर.
- ठोका १० टक्के जलद, पाऊल तेवढंच : ११० × ०.४० = ४४ मीटर. फायदा.
- ठोका १० टक्के जलद, पण पाऊल आखडून ३४ सेंटिमीटर : ११० × ०.३४ = ३७.४ मीटर. पाय जास्त वेळा उचलले, दमणूक जास्त, अंतर कमी, आणि पडायचा धोका वेगळाच.
- ठोका १० टक्के संथ, पाऊल वाढून ४६ सेंटिमीटर : ९० × ०.४६ = ४१.४ मीटर. ठोका संथ करूनही चाल मूळ वेगाहून थोडी जलद.

ठोका यातल्या फक्त पहिल्या संख्येला हात घालतो. पाऊल कधी टाकायचं ते तो सांगतो, केवढं टाकायचं ते सांगत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेग मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की पार्किन्सन्सचे रुग्ण पावलांची संख्या कमी-जास्त करू शकतात, त्यांची मूळ अडचण पावलाच्या लांबीत आहे. त्याच गटाने १९९६ मध्ये दाखवलं की जमिनीवर पट्ट्या आखल्या किंवा माणसाने पावलाच्या लांबीकडे लक्ष देऊन चालायचं ठरवलं, तर लांबी जवळपास नेहमीसारखी होऊ शकते. म्हणून ठोक्यासोबत 'पाऊल लांब टाका' ही सूचनाही लागते. नुसता ठोका लावून दिला आणि आपण मोबाईल बघत बसलो, तर माणूस ठोका गाठतो आणि पाऊल हरवतो.

वाचताना एक बारीक गोष्ट सांभाळा. इंग्रजी लेखांमध्ये 'स्टेप' आणि 'स्ट्राइड' हे वेगळे शब्द आहेत. उजव्या टाचेपासून डाव्या टाचेपर्यंत स्टेप, उजव्या टाचेपासून पुन्हा उजव्या टाचेपर्यंत स्ट्राइड. दोन अभ्यासांची तुलना करताना हे पाहिलं नाही तर एकदम दुपटीची चूक होते. मी केलीय.

मामाजींचा प्रश्न वेगळाच होता

पुढच्या सुट्टीत मी तयारीने गेले. आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलले आणि फिजिओथेरपिस्टकडून पद्धत समजून घेतली. आमच्या भागात हे सोपं नाही. अर्जुनीहून गाडी पकडून गोंदिया गाठायचं, किंवा दुसऱ्या बाजूला ब्रह्मपुरी-नागपूर करायचं, त्यात अख्खा दिवस जातो. गोळी घेतल्यावर किती वेळाने अंग मोकळं होतं आणि किती वेळाने पुन्हा जड होतं, याची नोंद मामीने वहीत ठेवली होती. पार्किन्सन्सवरच्या कुठल्याही अभ्यासात ही वेळ पाहिली जाते, कारण लेव्होडोपाचा असर असताना आणि नसताना तोच माणूस वेगळं चालतो. मामीच्या वहीचा दर्जा पाहून मला माझ्या प्रयोगशाळेतल्या नोंदवहीची लाज वाटली.

मग मी मामाजींना विचारलं, "तुम्हाला काय सुधारायला हवंय?" हा प्रश्न मी आदल्या वेळी विचारलाच नव्हता. ते म्हणाले, "मले का पयाचा हाय माय? रातच्यान उठलो का दारात पाय अटकते, तेवढा पाह्य."

मी वेग मोजत बसले होते. त्यांना वेग नकोच होता. त्यांना रात्री उठून बाहेर जाता यायला हवं होतं, कुणाला न उठवता.

मग आम्ही मेट्रोनोम बाजूला ठेवला. उंबरठ्याअलीकडे जमिनीवर चुन्याच्या दोन आडव्या पट्ट्या मारल्या. दाराजवळ रात्रभर जळणारा बारीक दिवा लावला. आणि मामाजींनी थांबून, मनातल्या मनात ढोलकीचे चार ठोके मोजून, पाचव्याला पट्टीवर पाय टाकायचा सराव सुरू केला. संथ लय, त्यांनीच ठरवलेली. पहिले काही दिवस मामेभाऊ शेजारी उभा राहायचा. आता बहुतेक रात्री त्यांना जमतं. काही रात्री जमत नाही, मग ते हाक मारतात.

या सगळ्याला संशोधन म्हणायचं का? नाही. एकच माणूस, तुलनेला काही नाही, मोजणारी मीच, आणि माणूस माझा मामा. यातला फायदा ठोक्याचा, पट्टीचा, दिव्याचा की मामेभाऊ उभा राहिल्यामुळे आलेल्या धीराचा, हे मला सांगता येणार नाही. ही घरची मदत आहे. हेच मला दहा घरी जाऊन करायचं आणि छापायचं असेल तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागेल, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतील, प्रत्येकाची त्याच्या भाषेत समजावून घेतलेली संमती लागेल आणि उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत आधी नाव घालावं लागेल. 'नातेवाईकच आहेत, विचारायचं काय' असं म्हणून डेटा गोळा करू नका. ज्यांच्या घरी तुमच्याकडे गोंदियाची किंवा नागपूरची बहीण-भाची म्हणून पाहतात, ते तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. तिथे संमती जास्त जपून घ्यावी लागते.

आपल्याकडे काय चाललंय

महाराष्ट्रात या दिशेने काम करणारी माणसं आहेत. मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे आधारगट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि शुभंकरांचा, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्यांचा, गट आहे. समकालीन नृत्यातले हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतलेत. अशा नृत्यवर्गांची जगभर ओळख झाली ती न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून मार्क मॉरिस डान्स ग्रुपने चालवलेल्या वर्गांमुळे.

संशोधक म्हणून नृत्याकडे बघताना मात्र सावध राहा. नृत्यात ताल आहे, पण त्यासोबत तोल आहे, वळणं आहेत, पावलं लक्षात ठेवणं आहे, सोबतीची माणसं आहेत, हसणं आहे. सुधारणा झाली तर ती यातल्या कशामुळे, हे वेगळं काढणं अवघड. रुग्णासाठी हा प्रश्न गौण आहे, त्याला बरं वाटलं की झालं. तुम्हाला मात्र तो सोडवावा लागेल.

आणि प्रश्न संपलेले नाहीत. मी वर सांगितलेले अभ्यास बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या सपाट फरशीवर आणि फुटपाथवर चालणाऱ्या माणसांवर झालेत. इटियाडोहच्या कालव्याकाठच्या कच्च्या वाटेवर, पावसाळ्यात निसरड्या झालेल्या धुऱ्यावर, कानात ठोका चालू असताना माणसाचं लक्ष पायाखालच्या जमिनीवर राहतं का? मागून येणाऱ्या मोटारसायकलचा आवाज त्याला ऐकू जातो का? ज्याने आयुष्यभर ढोलकी किंवा टाळ वाजवलाय त्याला ताल जास्त उपयोगी पडतो का, की आजार ती क्षमताही खातो? यातला एक प्रश्न उचललात तर एका पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल. फक्त निवडण्याआधी ज्याच्यासाठी तो सोडवायचाय त्याला विचारून या.

घरी कुणाला पार्किन्सन्स असेल आणि हे वाचून मेट्रोनोम लावावासा वाटला, तर थांबा. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, पाय गोठतात का ते त्यांना सांगा, आणि पहिल्यांदा चालवताना शेजारी माणूस ठेवा. माझ्या अंगणात मामेभाऊ शेजारी होता म्हणून निभावलं.

यंदाच्या मंडईला मामाजी दंडार बघायला चौकात गेले होते. जाताना खुर्चीवर बसवून नेलं, कारण गर्दीत ठोका असो वा नसो, धक्का लागायची भीती असते. दंडार सुरू झाली तेव्हा मी त्यांच्या पायांकडे बघत होते, सवयीने. उजवा पाय ताल धरून होता. मी मोबाईल काढून मोजायला जाणार होते, मग राहू दिलं.